स्वस्तातली गुळगुळीत दाढी

दाढी या विषयावर ज्यांना मतं असतात त्या माणसांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि काही काळ मी स्वतः त्या माणसांत मोडत होतो हे त्याचं मुख्य कारण आहे. चेहऱ्यावर केस उगवतात. ते ठेवावेत किंवा काढावेत. एवढ्यावर विषय संपतो. पण रिकामा वेळ, स्वस्त इंटरनेट आणि नवाकोरा पगार या तीन गोष्टी एकाच तरुणाला एकाच वर्षी मिळाल्या की तो कशाचंही शास्त्र करून ठेवतो. मला त्या वर्षी तिन्ही मिळाल्या होत्या. पगार कसला, स्टायपेंडच. मानेसरच्या एका कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो होतो. तिथे मोटारींचे बंपर बनायचे, रंगवले जायचे आणि ट्रकमध्ये बसून पुढे जायचे. वर्षभर शिकायचं, आणि वर्ष संपलं की साहेबलोक ठरवणार, याला ठेवायचा की घालवायचा. ठेवलं तर पक्की नोकरी. घालवलं तर मुखर्जीनगर.

मुखर्जीनगर ही काय शिक्षा आहे ते दिल्लीबाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. तिथे सरकारी परीक्षांचे क्लास आहेत, एकाला चिकटून एक, आणि त्या क्लासांत अशी मुलं आहेत जी मुलं म्हणून आली आणि काका होऊन परत गेली. आम्ही राहायचो मलकागंजला, तिथून फार लांब नाही. पप्पा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते आणि खाजगी नोकरी म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबलेली सहल होती. रोज सकाळी ते हिंदूरावच्या बाजूने रिजच्या टेकडीवर फिरायला जायचे. टेकडीला ज्याचं नाव आहे तो हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेला, आपला मराठी माणूस, हे ते ई-रिक्षावाल्यांनासुद्धा सांगायचे. रिक्षावाले "अच्छा जी" म्हणायचे आणि भाडं तेवढंच घ्यायचे. या फिरण्यातच त्यांची एका क्लासवाल्या गुप्ताजींशी ओळख झाली होती, आणि लोक लग्नाचा हॉल बोलून ठेवतात तशी माझ्यासाठी त्यांनी एक जागा बोलून ठेवली होती. "तुझं ते मानेसर आटपलं की सांग," एवढंच म्हणायचे. ते आटपणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, पण मी जन्मलो आणि वाढलो दिल्लीतच, त्यामुळे आई "फडताळातून डबा काढ" म्हणाली की मी "कहाँ से?" म्हणायचो आणि तिला त्या एका प्रश्नाने दिवसभर वाईट वाटायचं. सकाळी मुळ्याचे पराठे व्हायचे आणि त्यांच्यावर शेंगदाण्याची लाल चटणी. असली सोयरीक दिल्लीतल्या मराठी स्वयंपाकघराखेरीज कुठे जुळत असेल असं वाटत नाही. खालच्या मजल्यावरचा कुकर, पाण्याची मोटर, गल्लीतला भाजीवाला, या सगळ्यांच्या आधी घरात आवाज व्हायचा तो पप्पांच्या दाढीचा. बाल्कनीच्या जाळीला आरसा अडकवायचा, वाटीत गरम पाणी घ्यायचं आणि उपासनेतलं एखादं गीत सुरू करायचं. पातं वरच्या ओठाशी आलं की शब्द थांबायचे आणि सूर नाकातून चालू राहायचा. पातं हनुवटीखाली गेलं की गीत पुन्हा तोंडात यायचं. सामान म्हणाल तर एक जुना रेझर, एक ब्रश, ज्याला आज माझ्या डोक्यावर आहेत तेवढेच केस उरले होते, दुकानातली सर्वांत स्वस्त क्रीमची ट्यूब आणि तुरटीचा खडा. एवढ्या गाण्यानंतरही जबड्याखाली खुंटांचा एक पट्टा राहायचाच. तेव्हा या प्रकरणात शेवटी पप्पांचंच बरोबर निघणार असं कोणाला वाटत असेल तर त्याने ते आत्ताच मनातून काढून टाकावं. पप्पांची दाढी वाईट होती.

कॉलेजात मी दाढी ठेवलीच होती, म्हणजे ती काढण्याचा आळस केला होता. कारखान्यात आधी बाकीच्या खात्यांतून फिरवून शेवटच्या काही महिन्यांसाठी मला पेंट शॉपमध्ये टाकलं आणि पहिल्याच दिवशी ती गेली. पेंट शॉपच्या प्रमुख मलिक मॅडम, रोहतकच्या, केमिकल इंजिनिअर. उंची बेताची आणि आवाज कन्व्हेयरच्या घरघरीवरून पलीकडे पोचणारा. आम्हा नव्या पोरांना रांगेत उभं करून त्या म्हणाल्या, "मेरी शॉप में तीन चीज़ें नहीं चलेंगी. दाढ़ी, तेल और दिमाग़. दिमाग़ मेरे पास है, उतना काफ़ी है." मग त्यांनी कारणं सांगितली. दाढी असली की नाकातोंडावरचा मास्क गालाला घट्ट बसत नाही आणि रंगाची वाफ आत जाते, म्हणून रोज सकाळी गुळगुळीत चेहरा. आणि तेलं, क्रीमं, केसांचे स्प्रे बंद, कारण त्यांत पुष्कळदा सिलिकॉन असतं. सिलिकॉनचा एवढासा अंश बंपरवर पडला तरी ओला रंग त्याच्यापासून दूर सरकतो आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडतो. असा खड्डा पडलेला बंपर घासून पुन्हा रंगवावा लागतो, नाहीतर भंगारात जातो. त्या खड्ड्याला सगळे क्रेटर म्हणायचे. मी सगळ्यांत जोरात मान हलवली. आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टीला सगळ्यांत जोरात मान हलवली आहे ती ती मला कळलेली नव्हती, हे आता मागे वळून बघताना स्पष्ट दिसतं.

तर रोज दाढी. मी बाजारातून चार पात्यांचा तो चकचकीत रेझर आणला, जो जाहिरातीत गालावरून बर्फावरून घसरल्यासारखा घसरतो. माझ्या गालावर त्याचं वेगळंच चालायचं. पहिलं पातं केस ओढायचं, दुसरं कापायचं, तिसरं कातडीशी बोलायचं आणि चौथं तिथे मीठ चोळून जायचं. आठवड्याभरात माझ्या मानेवर असं पुरळ आलं की आईने मला कांजिण्यांच्या संशयावरून वेगळा टॉवेल दिला. शिवाय त्याचं डोकं बदलायचं म्हणजे स्टायपेंडचा लचकाच. म्हणून एका रविवारी, उपासनेहून आल्यावर, मटण शिजेपर्यंतच्या वेळात मी मोबाईलवर शोधलं: कमी पैशांत चांगली दाढी. मटण शिजलं, जेवणं झाली, भांडी घासून झाली, आणि मी अजून वाचतच होतो.

इंटरनेटवर एक समाज आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमचं भाग्य थोर. या समाजातले पुरुष रोज सकाळी दाढीचं सामान घडी घातलेल्या टॉवेलवर मांडतात, शेजारी मनगटी घड्याळ ठेवतात आणि फोटो काढून सगळ्यांना दाखवतात. खाली बाकीचे लिहितात, "क्लास सेटअप, भाई." नव्या माणसाने आत येऊन विचारायचं की बाबांनो, बजेट कमी आहे, काय घेऊ? आणि यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. दुधारी पातं घे, ते स्वस्त पडतं. बरोबर. पण कोणतं पातं? प्रत्येकाचा चेहरा वेगळा, तेव्हा आधी सगळी पाती आणून बघ. मग रेझर हलका हवा की जड? ब्रश डुकराच्या केसांचा की बिज्जू नावाच्या कुठल्याशा प्राण्याच्या? साबण की क्रीम? दाढीआधीचं तेल? दाढीनंतरचं बाम? 'बजेट' हा शब्द या लोकांच्या तोंडी असतो तो गळाला लावलेल्या कणकेच्या गोळीसारखा. मासा मी. आनंदाने गिळली.

या समाजाचे गुरू स्वतःला ब्लेडबाबा म्हणवून घ्यायचे. गुडगावात, एका उंच सोसायटीत त्यांचं घर. त्यांनी एका शनिवारी नवशिक्यांना "आ जाओ, सामान छू के देखो" म्हणून बोलावलं. नवशिका एकच आला. गेटवरच्या गार्डने फोनवर वर विचारलं, "सर, कोई साळवे जी हैं, बोल रहे हैं दाढ़ी के लिए आए हैं," आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी न्हावी असून पेटी विसरलोय. दार उघडलं ते खुद्द बाबांनी. त्यांना छातीपर्यंत दाढी होती. थट्टा नाही करत. दाढी करण्यावर संपूर्ण उत्तर भारताला सल्ला देणाऱ्या त्या माणसाला छातीपर्यंत दाढी होती, आणि त्या क्षणी मी उलट्या पावली लिफ्टकडे गेलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, हे संन्यासासारखं काहीतरी असेल. सगळं करून झाल्यावर माणूस पलीकडे जातो.

"बजट क्या है, भाई?" त्यांनी विचारलं.

"जितना कम हो सके."

त्यांनी डोळे मिटले. एक्स-रे बघून डॉक्टर मिटतात तसे.

"सस्ता लेगा तो दो बार लेगा. समझा?"

आतून बायकोचा आवाज आला, "फिर कोई दाढ़ी वाला आया है क्या? जूते बाहर उतरवाना!"

बाथरूममध्ये बाबांनी एका कपाटाचं दार उघडलं. आत इतके साबण, इतक्या बाटल्या होत्या की घरात बाकीच्यांना आंघोळीला साबण मिळत असेल की नाही याची मला काळजी वाटली. एकेक बाटली ते माझ्या नाकाखाली धरत होते आणि मी "अच्छा, चंदन," "अच्छा, लिंबू" म्हणत होतो. माझी मान बघून ते म्हणाले, "यह जलन है. तुझे बाम चाहिए, भाई. यह वाला. गाल ऐसा हो जाएगा कि मक्खी बैठे तो फिसल जाए." बाटलीवर कोरफडीचं हिरवंगार चित्र होतं. मी हात लावून पाहिलं. खरंच, बोट घसरत होतं. एक साधा रेझर, पाती, साबणाची वडी आणि ते बाम, असं सगळं त्यांच्याकडूनच "कम्युनिटी रेट"ने घेऊन मी निघालो. कम्युनिटी रेट दुकानापेक्षा जास्त होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. कमी पैशांत दाढी करायला निघालेल्या माणसाचा महिना दहा तारखेलाच संपला आणि उरलेला महिना मी आईच्या डब्यावर आणि एका मित्राच्या बिस्किटांवर काढला.

दुधारी रेझरला जोर लावायचा नसतो, हे सगळे सांगतात. मलाही सांगितलं होतं. सोमवारी सकाळी मी जोर लावला. बाहेर पप्पा नाकातून गात होते, आत मी गालावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवत होतो. बाहेर आलो तेव्हा आईने आधी येशूचं नाव घेतलं, मग माझं. पप्पांनी आरशातूनच बघितलं.

"हे काय? ज्यादा पैसे देऊन कापून घेतलंस?"

"पप्पा, ही टेक्निक आहे. हात बसायला वेळ लागतो."

"हात बसला बघ. चांगलाच बसलाय."

मेट्रो पकडून गुडगाव, तिथून कंपनीची बस. बसमध्ये आमच्या शॉपमधला रामबीर, रंगाची बंदूक चालवणारा, वयाने माझ्याहून मोठा, रोज माझ्या शेजारी बसायचा. त्याने शांतपणे विचारलं, "साळवे जी, घर में बिल्ली पाली है क्या?" मागच्या दोन सीटांपर्यंत लोक हसले. पण मी हटलो नाही. हात हळूहळू सुधारला, कापणं कमी झालं, आणि मुख्य म्हणजे बाम. ते लावल्यावर गालाला खरोखर आराम पडायचा. आई येता-जाता माझ्या गालावर हात फिरवायची आणि म्हणायची, "अगदी बारशाच्या वेळी होता तसा झालाय." मी रोज भरपूर लावायचो. आग थांबली तरी खाज राहिलीच होती, त्यामुळे दिवसभर हातमोज्याच्या पाठीने, डोकं झाकणाऱ्या कापडी हूडखाली, गाल चोळायची सवय लागली. माझं काम होतं रंगाच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक बंपर चिकट कापडाने पुसायचा आणि डोळ्यांनी तपासायचा. गाल चोळायचा, बंपर पुसायचा. गाल, बंपर. सुज्ञ वाचक माझ्या पुढे पोचला असेल. पोचू दे. मला तिथे पोचायला कित्येक आठवडे लागले, आणि शेवटी मला तिथे ओढत न्यावं लागलं.

बंपरांवर क्रेटर पडायला लागले. आधी एखाद्यावर, मग रॅकच्या रॅक. घासणाऱ्यांकडे ढीग लागला, गाड्यांच्या कंपनीतून फोन सुरू झाले, आणि मलिक मॅडम कोणाशीही पूर्ण वाक्यात बोलेनाशा झाल्या. हवेचे फिल्टर बदलले, रंगाचे पिंप बदलले, हातमोज्यांचा पुरवठादार बदलला. क्रेटर जागच्या जागी. मग मॅडमनी मला बोलावलं. माझं वर्ष संपायला थोडेच दिवस राहिले होते.

"साळवे, तू ख़ाली बैठा रहता है ना?"

"मैडम, मैं बंपर..."

"हाँ, वही. ख़ाली. किसी आदमी से सिलिकॉन आ रहा है. ढूँढ के ला. ढूँढ लिया तो तेरी फ़ाइल पे अच्छा लिखूँगी."

झालं. पक्की नोकरी आणि मी यांच्यामध्ये आता फक्त एक गुन्हेगार उभा होता. मी असा कामाला लागलो की काय सांगू. लॉकर उघडायला लावले. तेलाच्या बाटल्या, कंगवे, हाताला लावायचं क्रीम, सगळ्यांची लेबलं वाचली. लोकांच्या डोक्यांचे वास घेतले. रामबीर हूड काढून माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, "लो जी, सूंघ लो. इतना तो मेरी माँ ने भी नहीं सूंघा." एका पोराचं लग्न आठवड्यावर आलं होतं; त्याचं गोरं होण्याचं क्रीम मी जप्त केलं. तो काकुळतीला आला तर मी त्याला म्हणालो, "बंपर तेरी शादी नहीं देखेगा." हे वाक्य मी तोंडाने उच्चारलं. मला ते आठवलं की आजही चालता चालता मी स्वतःला शिवी देतो आणि शेजारून जाणारे लोक बाजूला होतात. आणि या सगळ्या दिवसांत, रोज सकाळी निघण्याआधी, मी आरशासमोर उभा राहून ते हिरवं बाम दोन्ही हातांनी गालाला चोपडत होतो. माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता: दाढी करणं हा कारखान्याचा नियम. दाढीचं सामान हे नियम पाळायचं सामान. मग नियम पाळायच्या सामानाने नियम कसा मोडेल? मी दुनियेची लेबलं वाचली. ती एक बाटली माझ्या दृष्टीने गणवेशाचा भाग होती.

गुड फ्रायडेची मी रजा घेतली. सकाळपासून उपासनेत बसलो, दुपारी घरी येऊन आईच्या हातची बेताची खिचडी खाल्ली. शनिवारी कामावर गेलो तर कळलं की काल एकही क्रेटर पडला नाही. एकही नाही! मी काय केलं असेल? मी श्रेय घेतलं. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "मैडम, दो हफ़्ते की सख़्ती का असर है." मॅडमनी कालच्या हजेरीचा कागद पुढे ओढला. दुपारच्या चहाच्या आत पुन्हा रॅक भरले. मॅडम काचेपलीकडे उभ्या राहून बराच वेळ माझ्याकडे, फक्त माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, फाइलवर काय लिहावं याचा विचार करताहेत.

सोमवारी त्यांनी चाचणी लावली. शॉपमधल्या प्रत्येकाने, त्यांच्यासकट, कोऱ्या कापडाने आपला गाल पुसायचा, ते कापड प्लास्टिकच्या एका काळ्या पट्टीवर फिरवायचं, पट्टीच्या मागे नाव लिहायचं. मग सगळ्या पट्ट्यांवर एकदम रंग मारून भट्टीतून काढायच्या. ज्याची पट्टी खड्ड्यांची, तो आपला माणूस. पट्ट्या आकड्यांना लटकून एकेक करत बाहेर येणार होत्या आणि त्या उचलून सगळ्यांना दाखवायचं काम मी मागून घेतलं. होय, मागून घेतलं. पहिली पट्टी आरशासारखी. मॅडमची आरशासारखी. रामबीरची इतकी स्वच्छ की तो तिच्यात बघून मिशी नीट करायला लागला. नवरदेवाची स्वच्छ. आणि मग एक आली. तिच्यावर रंग म्हणून काही टिकलाच नव्हता; बाजरीच्या पिठात कोंबड्या नाचून गेल्यासारखी ती दिसत होती. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि ओरडलो, "मिल गया! देख लीजिए सब! यह किस महापुरुष का गाल है?"

पट्टीची मागची बाजू त्यांच्याकडे होती. कोणी हसलं नाही, ते सगळ्यांत वाईट होतं. रामबीर सौम्यपणे म्हणाला, "पलट के पढ़ लीजिए, साळवे जी. आप ही पढ़िए, आपका हक़ बनता है."

मी पलटून वाचलं. मोठ्याने नाही.

"क्या लगाता है मुँह पे?" मॅडमनी विचारलं.

"कुछ नहीं, मैडम. बस, दाढ़ी के बाद बाम."

"सिरदर्द वाला?" कोणीतरी मागून विचारलं, आणि मग मात्र सगळे हसले.

बाटली माझ्या बॅगेतच होती; दुपारचा हातही मी मारायचो. मॅडमनी चष्मा वर करून मागचं बारीक लेबल वाचलं. "दूसरे नंबर पे लिखा है. पानी के बाद यही है. दो हफ़्ते तूने सबके तेल पढ़े, यह नहीं पढ़ा?"

"मैडम, यह तो दाढ़ी का सामान है. और दाढ़ी तो आपने ही कहा था कि..."

"अच्छा. तो मैंने लगवाया?"

नवरदेवाने पुढे होऊन आपलं क्रीम परत मागितलं आणि मी ते खिशातून काढून दिलं. माझ्या खिशातच होतं ते.

संध्याकाळी घरी मी सगळं सांगितलं, कारण सांगितलं नसतं तर आईने गालावरून हात फिरवला असता आणि मला रडू आलं असतं. आई पोळी लाटता लाटता थांबली. पप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न टोकता, जे त्यांच्या बाबतीत चांगलं लक्षण नसतं.

"म्हणजे सगळ्यांना हुंगत फिरलास," ते म्हणाले, "आणि वास तुझाच होता?"

"वासाचा प्रश्न नव्हता, पप्पा, सिलिकॉन..."

"गुप्ताजींची नवी बॅच पुढच्या महिन्यात आहे. मी उद्या बोलतो."

"अहो, थांबा की जरा," आई म्हणाली. "अजून काढलाय कुठे त्याला?"

"काढतील. मी असतो तर काल काढला असता."

पुढचे दिवस मी तोंडाला फक्त पाणी लावून कामावर गेलो. पुरळ परत आलं, क्रेटर गेले. कोणी मला टोचून बोललं नाही, रामबीर तेवढा रोज बसमध्ये माझ्या गालाकडे बघून हवेत बंदूक चालवल्यासारखं करायचा. माझी मुलाखत ठरली त्या दिवशी मी खोलीत गेलो तेव्हा निकाल काय लागणार हे मला ठाऊक होतं. मुखर्जीनगरला कोणत्या रंगाची वही घेऊन बसायचं इथपर्यंत मी पोचलो होतो. आत मॅडम होत्या आणि एचआरचे एक गृहस्थ, ज्यांचा चेहरा कोणतीही बातमी सांगायला सारखाच उपयोगी पडावा असा होता.

"मैडम, नुक़सान काफ़ी हुआ है," गृहस्थ म्हणाले. "इनका क्या करें?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रख लो. इसको निकालूँगी तो अगले साल कोई दूसरा गधा आएगा, और उसको पकड़ने में मेरे फिर दो हफ़्ते जाएँगे. यह तो पकड़ा हुआ गधा है."

एवढंच. माझ्या आयुष्यात माझ्या बाजूने केलेलं सर्वांत जोरदार भाषण ते. गृहस्थांनी मान डोलावली, जणू हा एचआरचा एक मान्य प्रकार आहे, पकडलेलं गाढव. जाताना मॅडम म्हणाल्या, "और वो पट्टी मेरे पास है. ट्रेनिंग रूम में लगेगी." लागली. अजून आहे. मी तो कारखाना सोडून दोन नोकऱ्या केल्या. माझी दाढी आता पांढरी व्हायला लागली आहे आणि अजूनही मला ती नीट करता येत नाही. मध्यंतरी कामानिमित्त तिकडे गेलो होतो तर नव्या पोरांचा वर्ग चालू होता. शिकवणारा काठीने भिंतीकडे दाखवत म्हणाला, "और यह जो गड्ढे देख रहे हो, यह साळवे सर का गाल है." मागच्या बाकावरची एक मुलगी वळून माझ्या गालाकडे एकटक बघायला लागली. मी उगाच हनुवटी वर केली.

पण त्या दिवशी घरी पोचलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. आईने दारातच विचारलं, आणि मी "पक्की" म्हटल्यावर तिने माझा पुरळ आलेला गाल धरून इतक्या जोरात मुका घेतला की मी ओरडलो. पप्पा वर्तमानपत्रामागे होते.

"ठेवलं? कशाच्या बळावर?"

मी गाढवाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पट्टीचंही सांगितलं. पप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"म्हणजे दाखवायला ठेवलंय तुला."

"तसंच म्हणा."

"पगारही दाखवायचाच, की खरा?"

"खरा. पूर्ण इंजिनिअरचा."

चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यातलं काहीतरी ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरलं.

"मग फार सुधारू नकोस," ते म्हणाले.